वाईट सिनेमाचं चांगभलं

“एकदा बघायला हरकत नाही.”

सिनेमाबद्दल याहून निर्दय वाक्य मराठीत नसेल. तिकीट, पार्किंग, मध्यंतरात सराफ बाजाराच्या भावाने घेतलेला मका, एवढं सगळं करून माणूस बाहेर येतो आणि बोलायला काही नसतं. सिनेमा चांगला असता तर आठवडाभर कौतुक केलं असतं. वाईट असता तर आयुष्यभर पुरला असता. हा मधला प्रकार मात्र पार्किंगमधून गाडी बाहेर निघेपर्यंतही टिकत नाही. घरी बायको विचारते, “कसा होता?” आपण म्हणतो, “ठीक.” ती विचारते, “गोष्ट काय होती?” आणि आपण पंख्याकडे बघत बसतो.

म्हणून आम्ही काही मंडळींनी मधल्या सिनेमांवर बहिष्कार टाकला. चांगल्या सिनेमांच्या वाटेलाही आम्ही फारसे जात नाही. त्या बाबतीतलं खान्देशाचं देणं स्मिता पाटीलने फेडून ठेवलंय; घराणं शिरपूरचं. “एका पोरीने सगळ्या खान्देशाचा कोटा पूर्ण केला, आता आपण काबरं त्रास घ्यायचा?” असा आमच्या नानांचा सवाल असतो, आणि त्याला उत्तर नाही. तेव्हा उरले वाईट सिनेमे. नुसते वाईट नव्हेत. बनवणाऱ्याने जीव ओतून वाईट केलेत आणि शेवटपर्यंत त्याला पत्ता लागलेला नाही, असे वाईट.

नाना हे जळगावच्या शाळेतून निवृत्त झालेले विज्ञानाचे मास्तर. पडद्यावर पिस्तूल निघालं की त्यांचा उजवा अंगठा आपोआप बोटांच्या पेरांवर फिरायला लागतो. सहा गोळ्यांच्या पिस्तुलातून सातवी सुटली की ते “हं!” करतात, पंधरावी सुटली की पाणी मागतात. तात्या आयुष्यभर सराफाच्या पेढीवर हिशेब लिहीत. खलनायकाच्या अड्ड्याचं वीजबिल आणि सोन्याच्या विटांनी भरलेली ब्रीफकेस नायिका दोन बोटांवर कशी उचलते, ही त्यांची खाती. आबा धुळ्याचे, एसटीतले निवृत्त कंडक्टर. पाठलागाच्या प्रसंगात नायक वाचला की मेला याच्याशी त्यांना देणंघेणं नसतं. मधे आलेल्या बसमधल्या उतारूंचं पुढे काय झालं, एवढंच ते विचारतात. पासष्टी ओलांडल्यामुळे त्यांना एसटीत अर्धं तिकीट लागतं, आणि सिनेमाकडूनही ते अर्धीच अपेक्षा ठेवतात. चौथा माझा भाचा. पुण्यात इंजिनिअर आहे. इराणी आणि कोरियन सिनेमे बघून त्याने डोळ्यांखाली काळी वर्तुळं कमावली आहेत. पाचवा मी. माझ्याकडे मोठा टीव्ही आहे, ही माझी एकमेव पात्रता.

आमचा खरा हंगाम हिवाळ्याचा, कारण तो भरिताचाही हंगाम. बामणोदकडची ती फिकट हिरवी, लठ्ठ वांगी पऱ्हाट्यांच्या जाळावर टाकायची. साल काळी पडून फुटली आणि आतून फसफस आवाज आला की उतरवायची. हात पोळत, फुंकर मारत सोलायची. मग लाकडी बडगीत हिरव्या मिरच्या आणि लसूण घालून मुसळीने ठेचायची. वरून कांद्याची पात, शेंगदाणे, तेल आणि सोबत कळण्याच्या पुऱ्या. जळगावच्या भरिताच्या वांग्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हापासून तात्यांचा आग्रह आहे की भरीत खाताना बघितलेल्या सिनेमालाही काहीतरी मिळालं पाहिजे. उन्हाळ्यातही आम्ही बसतो, पण पारा पंचेचाळीसला टेकलेला असतो आणि कूलरच्या घरघरीत संवाद ऐकू येत नाहीत. काही सिनेमे त्यामुळे उगाच चांगले वाटतात आणि बाद होतात.

मंडळाची घटना कागदावर नाही, पण कलमं सगळ्यांना पाठ आहेत. सिनेमा चालू असताना बोलायचंच, गप्प बसलेल्याला “झोप लागली का भो?” असं विचारून उठवलं जातं. काहीही पुढे ढकलायचं नाही, गाणंसुद्धा. नायकाच्या केसांविषयी मध्यंतरापर्यंत अवाक्षर काढायचं नाही, कारण एकदा तो विषय निघाला की गोष्ट मागे पडते. आणि ‘लॉजिक’ हा शब्द जो उच्चारेल त्याने सगळ्यांना चहा पाजायचा. भाच्याच्या पगारातला बराचसा भाग पहिल्या हिवाळ्यातच आमच्या चहात विरघळला.

मंडळाचं आराध्यदैवत अर्थातच ‘गुंडा’. दिग्दर्शक कांती शाह, साल १९९८. ज्यांनी तो बघितला नाही त्यांना सांगून पटत नाही, आणि ज्यांनी बघितलाय त्यांना सांगावं लागत नाही. यातली माणसं एकमेकांशी बोलत नाहीत, यमकं जुळवतात. खलनायक स्वतःची ओळख यमकात करून देतो आणि बहिणीच्या प्रेताशी बसून रडतो तेही यमकात. पात्रांची नावं बुल्ला, लंबू आटा, इबू हटेला, लकी चिकना. आणि पोते. हा पोते म्हणजे आपले मोहन जोशी. मराठी नाटकांत त्यांना डोळे भरून पाहिलेले नाना पहिल्यांदा हादरले.

“एवढा मोठा नट, आणि नाव पोते?”

“पोतं कसलं पण? प्लास्टिकचं की बारदानाचं?” तात्यांनी विचारलं.

“बारदाननं,” आबा म्हणाले. “आवाज ऐका ना भो. प्लास्टिकना असा येस का?”

या मुद्द्यावर इतका खल झाला की तेवढ्या वेळात पडद्यावर आणखी तिघे मेले आणि ते कोण हे आजतागायत ठरलेलं नाही. ‘गुंडा’ आला त्याच वर्षी १ जुलैला धुळ्यातून नंदुरबार जिल्हा वेगळा झाला. या दोन घटनांचा संबंध आहे असं आबांचं ठाम मत आहे. काय संबंध, असं विचारलं की ते म्हणतात, “तू दुसऱ्यांदा दख, मंग सांगस.”

मिथुन चक्रवर्तींना २०२४ साली दादासाहेब फाळके पुरस्कार जाहीर झाला, त्या दिवशी मी दाढी करत असताना नानांचा फोन.

“वाचलं का? ‘गुंडा’ला फाळके मिळालं!”

“नाना, एकूण कारकिर्दीला मिळालंय. ‘मृगया’ आहे, रामकृष्ण परमहंसांची भूमिका आहे, राष्ट्रीय पुरस्कार आहेत...”

“कारकिर्दीत ‘गुंडा’ येतो की नाही?”

येतो. अर्ध्या दाढीनिशी मी ते मान्य केलं.

संध्याकाळी पेढे वाटले. भाचा कुरकुरला, “दादासाहेब फाळक्यांना काय वाटलं असतं?” नाना याच प्रश्नाची वाट बघत होते. “फाळके कुठले? त्र्यंबकेश्वरचे. म्हणजे शेजारच्याच जिल्ह्यातले. त्यांनी १९१७ साली ‘लंकादहन’ काढला, त्यात राम कोण? अण्णा साळुंके. आणि सीता कोण? तेही साळुंकेच! राम जिला शोधायला लंकेपर्यंत गेला तो स्वतःच होता. हे ज्याने करून दाखवलं त्याला ‘गुंडा’चं काय वावडं असणार?” तात्यांनी तेवढंच टिपून घेतलं : “एका पगारात दोन माणसं. धंदा कळत होता बुवाला.”

नानांना सगळ्यात जास्त त्रास ‘जानी दुश्मन : एक अनोखी कहानी’ने दिला. राजकुमार कोहलींचा हा २००२चा सिनेमा. नायक-खलनायक जो काय तो इच्छाधारी नाग आहे, पण या नागाने ‘टर्मिनेटर’ बघितलेला आहे. तो मोटारसायकल चालवतो, गोळ्या चुकवतो, चेहरे बदलतो, तुटतो आणि पुन्हा जुळतो. नाना उठून उभे राहिले.

“वस्तुमान नष्ट होत नाही! आठवीच्या पुस्तकात आहे. ऐंशी किलोचा माणूस एवढ्याशा सापात शिरला, तर बाकीचे अठ्ठ्याहत्तर किलो गेले कुठे?”

“घट,” तात्या शांतपणे म्हणाले. “सोनं वितळवलं तरी घट येते, मास्तर. तुम्ही तर माणूस वितळवून राहिले.”

आबांची हरकत वेगळीच. सिनेमात कॉलेजची मुलं आहेत, आणि त्या मुलांत सुनील शेट्टी आणि आदित्य पांचोली आहेत. “एसटीमा विद्यार्थी पास असाच नही भेटत,” आबा म्हणाले. “यास्नामाईन एकले बी मी पास दिन्हा नसता. उलट ज्येष्ठ नागरिकना फॉर्म दिन्हा असता.”

मनोजकुमारांचा १९८९चा ‘क्लर्क’ लावला, तेव्हा आमच्या शेजारचे मेडिकलवाले भाऊ मुद्दाम पाहुणे म्हणून आले होते. त्यात अशोककुमार आझाद हिंद सेनेतले जुने सैनिक आहेत. त्यांना हृदयविकाराचा झटका येतो. औषधाला पैसे नाहीत. मग मुलगा सेनेच्या संचलनगीताची रेकॉर्ड लावतो आणि बाप उठून चालायला लागतो. मेडिकलवाले भाऊ बराच वेळ सुन्न बसले. मग म्हणाले, “असं असेल तर आमचं दुकान बंदच होईल.” पुढे एकदा एका सिनेमात नायकाने न भरता सतत पिस्तूल झाडलं आणि नानांचा रक्तदाब खरोखरच चढला. सगळ्यांना एकदम तोच उपाय सुचला. भाच्याने मोबाइलवर ते गाणं शोधलं, आवाज पूर्ण वाढवला आणि फोन नानांच्या छातीशी धरला. आधी गुडघेदुखीच्या तेलाची जाहिरात लागली. पाच सेकंद थांबा, मग पुढे जा, असं फोन सांगत होता. नाना त्या पाच सेकंदांत संतापाने स्वतःच उठून बसले. उपाय लागू पडला असंच मंडळाचं मत आहे.

‘तेरी मेहरबानियाँ’च्या वेळचा प्रसंग मात्र नाजूक होता. सिनेमा १९८५चा. जॅकी श्रॉफ मरतो आणि त्याचा कुत्रा सूड घेतो, एवढं जगाला माहीत आहे. पण त्या कुत्र्याला जुन्या दिवसांची आठवण येते आणि ती आपल्याला पडद्यावर दिसते, हे बघायलाच लागतं. आम्ही हसून लोळत होतो आणि तात्या डोळे पुसत होते. मंडळात रडायला बंदी नाही, पण कारण द्यावं लागतं.

“काय झालं तात्या?”

“काही नाही. कुत्र्याला मालकाची आठवण येऊन राहिली, भो. आमचं पोरगं बंगळुरूला आहे, दिवाळीपासून फोन नाही त्याचा.”

कुत्र्यावरची चर्चा तिथेच थांबली. तात्यांच्या पोराला सगळ्यांनी मिळून फोन लावला. त्याने उचलला आणि पहिलं वाक्य टाकलं, “बाबा, मीटिंगमध्ये आहे.” आबा मागून ओरडले, “कुत्रा बरा!” तेव्हापासून तो दर रविवारी न चुकता फोन करतो. वाईट सिनेमाने एखादं घर सावरल्याचं माझ्या माहितीतलं हे एवढंच उदाहरण.

आमची सौ. या सगळ्याला ‘भंगार सभा’ म्हणत असे. तिचा सहभाग चहापुरता, आणि तोही तिरस्काराने. एकदा ती ट्रे घेऊन आत आली तेव्हा पडद्यावर विधवा आई शिलाई मशीन चालवत होती. पांढरी साडी, कपाळ मोकळं, खोकला. दोन मुलांना तिने त्या मशीनवर लहानाचं मोठं केलं होतं. नाना गहिवरले होते. सौ. दोन क्षण थांबली आणि म्हणाली, “मशीनला दोरा नाहीये.”

आम्ही सिनेमा मागे घेतला. खरंच दोरा नव्हता. रीळ नव्हतं. सुई नुसतीच वर-खाली होत होती. ती माउली वीस वर्षं दोऱ्याशिवाय कपडे शिवत होती, आणि त्या कपड्यांवर एक मुलगा इन्स्पेक्टर आणि दुसरा स्मगलर झाला होता. नानांनी आयुष्यभर गोळ्या मोजल्या, तात्यांनी विटा तोलल्या, आबांनी उतारू सांभाळले. पण पन्नास वर्षांत आम्हा पुरुषांपैकी एकालाही तो दोरा दिसला नव्हता. सौ.ची त्याच रात्री एकमताने अध्यक्षपदी निवड झाली. मत द्यायची संधी मला मिळाली नाही. तेव्हापासून ती मधल्या खुर्चीवर बसते आणि चहा मी करतो.

सौ.ने आल्या आल्या एक जुना तंटा उकरून काढला : ‘अमर अकबर अँथनी’ आपल्याकडे बसतो की नाही? तीन मुलांचं रक्त एकाच वेळी एका बाईला, तेही नळ्यांतून थेट. मेडिकलवाल्या भाऊंची साक्ष मंडळाविरुद्ध जाणार हे उघड होतं. शेवटी अध्यक्षीण बाईंनी निकाल दिला की मनमोहन देसाईंना ते चुकीचं आहे हे ठाऊक होतं, आणि आपल्याला ठाऊक आहे हेही ठाऊक होतं. असला हुशार माणूस आपल्या कक्षेत येत नाही. सिनेमा सन्मानाने चांगल्यांकडे वर्ग करण्यात आला.

आबांच्या आठवणींतला सिनेमा याहून थोर. ड्यूटीवर मुक्कामी गाडी घेऊन गेले की ते तालुक्याच्या टॉकीजात रात्रीचा खेळ बघत. एकदा भुताचा सिनेमा होता आणि ऑपरेटरने रिळांचा क्रम चुकवला. भूत मेलं आणि दहा मिनिटांनी परत आलं. भूतच ते, कोणाला नवल वाटलं नाही. मग मागच्या रिळात गळा आवळून मेलेला नोकर हातात कंदील घेऊन आला, तेव्हा कुजबुज झाली. “जुळा भाऊ व्हई,” मागून कोणीतरी म्हणालं, आणि सगळ्या टॉकीजने ते मान्य केलं. शेवट मध्यंतराआधीच होऊन गेला होता. लोक समाधानाने घरी गेले. दुसऱ्या दिवशी ऑपरेटरने क्रम बरोबर लावला, तेव्हा कोणाला काही कळलं नाही, असं आबा सांगतात.

मालेगावचा विषय निघाला की मंडळात उभी फूट पडते. जळगावकरांच्या मते मालेगाव नाशिक जिल्ह्यात, सबब आपला संबंध नाही. आबा म्हणतात, “धुयापाईन पन्नास किलोमीटर शे. जिल्हा कागदवर ऱ्हास. हसू धुयापावत ऐकू येस.” मालेगाव हे यंत्रमागांचं गाव. शुक्रवारी माग बंद, म्हणून शुक्रवार सिनेमाचा. तिथे व्हिडिओ पार्लर चालवणाऱ्या नासिर शेख यांनी २०००च्या सुमाराला ‘मालेगाव के शोले’ काढला. लग्नाच्या शूटिंगचा कॅमेरा, आणि घोडे परवडत नाहीत म्हणून डाकू सायकलींवर. पुढे त्यांनी सुपरमॅनही काढला. त्यांचा सुपरमॅन म्हणजे शफीक शेख, यंत्रमागावर काम करणारा, वाऱ्याने उडेल असा हाडकुळा माणूस. त्याचं उडणं दाखवायला ट्रकवर हिरवं कापड ताणलं होतं. शूटिंग चालू असताना एकुलता एक कॅमेरा पाण्यात पडला. हा सगळा उपद्व्याप फैजा अहमद खान यांच्या ‘सुपरमेन ऑफ मालेगाव’ या माहितीपटात आहे, आणि २०२५ साली तर रीमा कागती यांनी या मंडळींवर ‘सुपरबॉइज ऑफ मालेगाव’ हा अख्खा सिनेमा काढला.

तात्यांनी एकदा दोन ‘शोल्यां’ची वही मांडली. एकीकडे मालेगावचा. दुसरीकडे त्याच्यानंतर सात वर्षांनी, २००७ साली आलेला ‘राम गोपाल वर्मा की आग’. त्यात अमिताभ बच्चन, अजय देवगण, मोहनलाल, सुश्मिता सेन. “यांच्याकडे घोडे घ्यायला पैसे होते,” तात्या म्हणाले, “त्यांच्याकडे सायकलींना हवा भरायला. पण हसू कोणाकडे जास्त निघालं?” आबांनी मिशीवरून हात फिरवला. मालेगाव त्या रात्रीपुरतं तरी खान्देशात आलं. मालेगावच्या सिनेमाला वाईट म्हणायचं नाही, असा ठरावही त्याच बैठकीत झाला. त्यांना आपण काय करतोय ते माहीत होतं आणि जमेल तेवढं त्यांनी चोख केलं. वाईट ते, ज्यांच्याकडे घोडे होते.

भाचा या क्षेत्रातलं परदेशी ज्ञान पुरवतो. अमेरिकेत एड वुड नावाचा दिग्दर्शक होता. त्याच्या ‘प्लॅन नाइन फ्रॉम आउटर स्पेस’चा मुख्य नट बेला लुगोसी १९५६ सालीच वारला, चित्रपट पुरा व्हायच्या कितीतरी आधी. तर या गृहस्थाने बायकोच्या हाडवैद्याला उभं केलं, आणि चेहरा जुळत नाही म्हणून त्याला सगळा सिनेमाभर झगा तोंडावर धरायला लावला. आबांना हे अगदी घरचं वाटलं. “बदली ड्रायव्हर! आमनाकडे तो तोंड झाकत नही, एवढाच फरक.”

मग भाच्याने ‘द रूम’ आणला. टॉमी विसो नावाच्या माणसाचा, २००३ सालचा. त्यातल्या एका खोलीत चमच्याचं चित्र फ्रेम करून ठेवलंय. का, ते सिनेमा सांगत नाही. पण ते दिसलं की तिकडचे प्रेक्षक पडद्यावर प्लास्टिकचे चमचे फेकतात. “आपणही फेकू!” असं ठरलं. पण महाराष्ट्रात २०१८ पासून प्लास्टिकच्या चमच्यांना बंदी. आमचे तात्या कायद्याबाहेर जाणारे नव्हेत. म्हणून घरातलेच स्टीलचे घेतले. चमच्याचं चित्र आलं आणि भाच्याने “फेका!” म्हणून आरोळी दिली. नाना, तात्या आणि मी यांनी सभ्यपणे सोफ्यावर फेकले. आबांच्या हातात मात्र भरीत वाढायचा डाव होता, आणि त्यांनी आयुष्यभर चालत्या गाडीत घंटीची दोरी अचूक ओढलेली होती.

त्या दिवसापासून आमच्या टीव्हीवर मधोमध एक उभी हिरवी रेघ आहे. प्रत्येक सिनेमात एक खांब आला. नायिका त्याच्याभोवती नाचते आहे असं वाटतं. गोळी त्याला चुकवून जाते असं वाटतं. नाना म्हणतात, रेघेमुळे चित्र समतोल झालं. अध्यक्षीण बाईंचं मत मी इथे देत नाही.

भाच्याला वाटलं, या लोकांची अभिरुची सुधारली पाहिजे. त्याने चैतन्य ताम्हाणे यांचा ‘कोर्ट’ लावला. मराठीतला मोठा सिनेमा, राष्ट्रीय पुरस्कारविजेता, ऑस्करला पाठवलेला. पडद्यावर कोर्ट सुरू झालं. वकील खालच्या आवाजात वाचत होते. पंखा फिरत होता. तारीख पडली. पुन्हा तारीख पडली. कोणी टेबलावर मूठ आपटली नाही. बंद दरवाजा ढकलून ऐन वेळी साक्षीदार आला नाही. आम्ही नेहमीच्या कलमाप्रमाणे बोलायला तोंड उघडलं, पण बोलण्यासारखं काही सापडेना. धुळ्याच्या कोर्टात जमिनीच्या वादासाठी अर्धं आयुष्य खेटे घातलेले आबा शेवटी भाच्याकडे वळले.

“भाऊ, हाई ते खरं कोर्ट शे. पिक्चर कव्हय सुरू व्हई?”

भाच्याने सांगितलं की खरं आहे म्हणूनच तो चांगला आहे. आबांनी हे नीट ऐकून घेतलं. “खरं तर मी फुकटमा दखेल शे,” ते म्हणाले आणि भरिताकडे वळले. एवढं मात्र खरं की त्या रात्री कोणीच कोणाची टर उडवली नाही. सगळे लवकर घरी गेले, आणि घरी जाताना आपापल्या तारखा आठवत होते.

भाचा तरीही हटला नाही. पुढच्या खेपेला त्याने ‘शार्कनेडो’ आणला. वावटळीतून शार्क मासे उडत येतात आणि माणसं खातात. भाच्याला खात्री होती की हा आम्हाला आवडणारच. सुरुवातीला आम्ही हसलो. मग हसू आटलं. तात्या सगळ्यात आधी म्हणाले, “हा माल खोटा आहे.”

“म्हणजे?”

“वाईट करायचं ठरवून वाईट केलाय. वर सोन्याचं पाणी असतं ना, तसं याला वाईटाचं पाणी दिलंय. घासलं की निघतं.”

अध्यक्षीण बाईंनी रिमोट उचलला. भाच्याला दंड म्हणून पुढच्या भरिताची वांगी सोलायला लावली. बोटं पोळून घेत तो सोलत होता आणि त्याच्याकडे बघत नाना म्हणाले, “याला म्हणतात मनापासून केलेलं काम. याच्यावर हसता येतं.”

तेव्हा मंडळाचा निकाल साधा आहे. चांगला सिनेमा एकट्याने बघितला तरी चालतो. तो आपली काळजी घेतो. वाईट सिनेमा एकट्याने बघू नये. तो मग नुसताच वाईट राहतो आणि तुम्हीही. त्याला किमान एक गोळ्या मोजणारा, एक विटा तोलणारा, एक उतारूंची काळजी वाहणारा आणि एक दोरा बघणारी लागते. इतकी माणसं घरात नसतील तर आमच्याकडे या. सिनेमा आम्ही लावू, भरीत आम्ही ठेचू. वांगी तेवढी आणा, आणि ‘लॉजिक’ घरी ठेवून या. चहा महाग झालाय.